मालकाचा परवाना गेला तर: ब्रिटनमधील परदेशी देखभाल कर्मचारी

ब्रिटनमध्ये वृद्ध आणि आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्याचा व्हिसा त्याच्या मालकाच्या प्रायोजकत्व परवान्याशी, म्हणजे परदेशी माणसे नेमण्याच्या परवानगीशी, बांधलेला असतो. मालकाने गैरप्रकार केला आणि गृहखात्याने त्याचा परवाना रद्द केला, तर त्याची झळ निर्दोष कर्मचाऱ्यालाही बसते. गृहखाते त्याला पत्र पाठवून व्हिसाची मुदत साधारणपणे 60 दिवसांवर आणते. परक्या देशात नवी नोकरी शोधायला हा अवधी फारच अपुरा आहे.

तेवढ्या अवधीत परवानाधारक नवा मालक गाठून, त्याचे प्रायोजकत्व प्रमाणपत्र मिळवून अर्ज करावा लागतो. अर्ज वेळेत गेला, तर निर्णयापर्यंत देशात राहता येते. नव्या कामावर मात्र मंजुरीनंतरच रुजू व्हायचे. या व्हिसावर बहुतेक सरकारी भत्ते मिळत नाहीत, त्यामुळे कर्ज काढून आलेल्यांचे अतोनात हाल होतात.

इंग्लंडमध्ये अशा कर्मचाऱ्यांची नव्या मालकांशी गाठ घालून देणाऱ्या, सरकारी निधीवर चालणाऱ्या प्रादेशिक यंत्रणा आहेत. 9 एप्रिल 2025 पासून तेथील मालकांना परदेशातून माणसे आणण्याआधी या कर्मचाऱ्यांचा विचार करणे बंधनकारक झाले. 22 जुलै 2025 पासून तर देखभाल कर्मचाऱ्यांची परदेशातून नवी भरतीच बंद झाली.

प्रायोजकत्व गेले तरी कमावलेला पगार बुडत नाही. थकलेला पगार आणि शिल्लक सुट्ट्यांचे पैसे यांसाठी आधी ‘एकॅस’ (Acas) या संस्थेकडे समेटाचा अर्ज करून मग रोजगार न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. या दाव्याची मुदत थोड्या महिन्यांचीच असते. म्हणून पगाराच्या पावत्या, ड्यूटीचे तक्ते आणि बँकेच्या नोंदी आधीपासूनच जपून ठेवाव्या लागतात.