याद्या करणारा माणूस



या कथासंमेलनाचा मी स्वागताध्यक्ष. स्वागताध्यक्षाने जेवणाखाण्याचं बघावं, साहित्यावर बोलू नये, असा संकेत आहे. जेवणाचं चोख बघितलंय, म्हणून दुसऱ्या भागात थोडी सूट घेतो.

तयारीच्या धावपळीत आमच्या ग्रंथपालांनी एक कथा हातात ठेवली. शर्ली जॅक्सन यांची 'द लॉटरी', २६ जून १९४८च्या 'न्यूयॉर्कर'मध्ये आलेली. अमेरिकेतलं तीनशे वस्तीचं गाव. उन्हाळ्यातल्या एका सकाळी सगळे चौकात जमतात, चिठ्ठ्या काढतात. काळा ठिपका असलेली चिठ्ठी टेसी हचिन्सन या बाईच्या वाट्याला येते आणि गाव तिच्यावर दगड घेऊन धावतं. तिच्या धाकट्या पोराच्या हातातही कुणीतरी खडे देतं. का, तर पूर्वापार चालत आलंय. मूळ पेटी हरवली, विधी निम्मे विसरले. दगड तेवढे लक्षात राहिले.

जाणकार टेसीबद्दल बोलतात. मला तिचा कळवळा आला, तसा रागही आला. ठिपका आपल्या घराच्या वाट्याला येईपर्यंत बाई थट्टामस्करी करत होती. आल्यावर लग्न झालेल्या लेकीलाही चिठ्ठीत धरा म्हणाली. पण मी खरा अडकलो समर्स यांच्यापाशी. कोळशाचे व्यापारी, हसतमुख गृहस्थ. गावातले नाचाचे कार्यक्रम, पोरांचं मंडळ, सगळं तेच बघतात. लॉटरीही त्यांच्याकडे, कारण गावासाठी वेळ काढणारा माणूस तोच. आदल्या रात्री चिठ्ठ्या करून तिजोरीत ठेवायच्या, घरोघरची यादी तपासायची, गैरहजर माणसाच्या वतीने कोण चिठ्ठी काढणार ते विचारायचं. तोंडातून एक वाकडा शब्द नाही. काम वेळेत उरकलं पाहिजे, एवढीच काळजी.

मंडळी, माझंही आयुष्य याद्या, वर्गण्या आणि मांडव यांतच गेलं. यात्रेला मी, सप्त्याला मी, आज इथेही मीच. समर्स वाचताना घाम फुटला तो यामुळे.

कथा छापून आली त्या उन्हाळ्यात लेखिकेला तीनशेहून अधिक पत्रं आली. चांगल्या शब्दांची अगदी थोडी. काहींनी विचारलं, ही लॉटरी कुठे भरते, बघायला येता येईल का? मला कथेपेक्षा ही पत्रं जास्त भयंकर वाटली.

हे सगळं अमेरिकेतलं म्हणून आपण हसून सोडून द्यावं असं काही नाही. माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६मध्ये कायदा करावा लागला. तो २०१७पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बहिष्कारासाठी बैठक भरवणाराही त्यात गुन्हेगार ठरतो, हे मला फार योग्य वाटतं. अशा बैठकीचा निरोप घरोघर देणारा, सतरंजी टाकणारा माणूस बहुतेक वेळा माझ्यासारखाच उत्साही कार्यकर्ता असतो.

तेव्हा जमलेल्या कथाकारांना एक विनंती. मार खाणाऱ्यांवर तुम्ही लिहिलंत, मारणाऱ्यांवरही लिहिलंत. आता आमच्यावर, म्हणजे व्यवस्था बघणाऱ्यांवर लिहा. आम्हाला भला माणूस म्हणून सोडून देऊ नका. हवी ती माहिती द्यायला दोन्ही दिवस मी मांडवातच आहे.