गोळे लहान, गोळे मोठे

गडचांदूर, आवारपूरकडच्या मंडळींना सिमेंटचा कारखाना नवा नाही. पण भट्टीतून निघालेलं क्लिंकर ज्या बॉल मिलमध्ये दळलं जातं, तिचं पोट फार थोड्यांनी पाहिलं असेल.

आडवं पडलेलं पोलादी पिंप. त्याचा साधारण ३० टक्के भाग पोलादी गोळ्यांनी भरलेला. पिंप हळू फिरवलं तर गोळे एकमेकांवरून नुसते घरंगळतात. वेग वाढवला की भिंतीबरोबर वर चढतात आणि सुटून खाली आदळतात. आणखी वाढवला तर भिंतीला चिकटून फिरत राहतात. मग दळण शून्य. चार मीटर व्यासाच्या मिलमध्ये ही वेळ मिनिटाला २१ फेऱ्यांच्या आसपास येते, म्हणून ती १६च्या आगेमागे फिरवतात.

आता आकाराची गंमत. ९० मिलिमीटरचा गोळा भरतो सुमारे तीन किलो. २० मिलिमीटरचा जेमतेम ३३ ग्रॅम. मोठा आदळला की क्लिंकरची गोटी फुटते. लहानग्याला ती दाद देत नाही. म्हणून सगळेच मोठे भरावेत, तर पुढे पंचाईत होते. माल बारीक झाला की फोडायचं काम संपतं, घासायचं सुरू होतं. घासायला पृष्ठभाग हवा, आणि तेवढ्याच वजनाच्या लहान गोळ्यांकडे तो साडेचारपट असतो. शिवाय मोठ्या गोळ्यांमधल्या फटीही मोठ्या; बारीक कण त्यातून निसटतात आणि गोळ्यावर गोळा आपटून नुसती उष्णता होते. वीज मात्र तेवढीच जळते!

म्हणून मिलचे दोन कप्पे करतात, मध्ये फटींची पोलादी भिंत, म्हणजे डायफ्रॅम. पहिल्या कप्प्यात ६० ते ९० मिलिमीटरचे गोळे, दुसऱ्यात त्याहून लहान. पण त्या लहानांतही थोरले-धाकटे असतात. मोकळे सोडले तर थोरले नेमके बाहेरच्या टोकाला जाऊन बसतात, जिथे त्यांचं काही काम नाही. त्यांना मागे ठेवायला आतून उतरत्या पृष्ठभागाचे लायनर, म्हणजे पिंपाचं अस्तर, बसवतात.

मिलमध्ये माल किती आहे, हे जुने ऑपरेटर कानांनी ओळखतात. खणखणाट वाढला, की आत माल कमी आहे. आवाज दबला, की माल जास्त झाला. हल्ली शेजारी मायक्रोफोनही लावतात.

गोळे झिजतात. ९०चा झिजत ८०चा होतो, पुढे ७०चा. त्यामुळे पहिल्या कप्प्यात भर घालतात ती बहुधा सर्वांत मोठ्या गोळ्यांचीच. मधले आकार मिल स्वतःच तयार करते.