एसव्हीएन हलवताना: बॅकअप आहे, पण तो बरा आहे का?

आज बोलूया सबव्हर्जनबद्दल, म्हणजे एसव्हीएनबद्दल. हसू नका हं. सगळीकडे गिट आलं तरी एसव्हीएनवर चालणारी ऑफिसं आहेत अजून. आणि एक दिवस तुम्हालाच सांगतात, ‘सर्व्हरवर नवं व्हर्जन टाक, रिपॉझिटरी हलव.’

मला सांगितलं तेव्हा आत 60 हजारांच्या आसपास रिव्हिजन्स होत्या.

रस्ते दोन. पहिला, ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन अपग्रेड’. पटकन होतं, कारण जुन्या रिव्हिजन्सना ते हात लावत नाही. नव्या फॉरमॅटचा फायदा मुख्यतः पुढच्या कमिट्सना. दुसरा, ‘डम्प’ आणि ‘लोड’. पहिल्या रिव्हिजनपासून सगळा इतिहास बाहेर काढायचा आणि नव्या, रिकाम्या रिपॉझिटरीत भरायचा. वेळ खूप जातो, पण सगळं नव्याने लिहिलं जातं. जुनी रिपॉझिटरी बर्कली डीबीवर असेल, तर एफएसएफएसवर यायला हाच रस्ता.

मी डम्प लावला आणि घरी गेलो. सकाळी बघतो तर मध्येच थांबलेला. एका रिव्हिजनचा चेकसम जुळत नव्हता. ती फाइल कधीतरी खराब झाली होती आणि आम्ही रोज इमानेइतबारे त्याच खराब फाइलचा बॅकअप घेत होतो! पोटात गोळाच आला.

वाचलो कशामुळे? एफएसएफएसमध्ये, पॅक केलेलं नसेल तर, प्रत्येक रिव्हिजनची वेगळी फाइल असते आणि कमिट झाल्यावर ती बदलत नाही. कपाटातल्या एका जुन्या डिस्कवर तीच फाइल धड सापडली. ती जागेवर ठेवली, डम्प पुढे सरकला.

म्हणून आधी ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय’ चालवा. मग डम्प-लोड करा. तोवर लोक काम करत राहू देत. शेवटी थोडा वेळ कमिट बंद ठेवा आणि मधल्या रिव्हिजन्स ‘इन्क्रिमेंटल’ डम्पने आणा. दोन्हीकडचा शेवटचा रिव्हिजन नंबर जुळवा. नव्या रिपॉझिटरीवरही व्हेरिफाय चालवा. आणि लक्षात ठेवा, हुक्स, परवानग्यांच्या फाइल्स आणि लॉक्स डम्पमध्ये येत नाहीत. हुक्स आणि परवानग्या हाताने न्या, लॉक्स लोकांना पुन्हा घ्यायला सांगा.

हलवायचं असो वा नसो, या आठवड्यात एकदा व्हेरिफाय चालवाच. बॅकअपवरसुद्धा. काय निघालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!