थंडी, चंदी आणि कडबा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी आली, की आपल्या भागातल्या हौशी माणसांची पावलं माळेगावकडे वळतात. नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या या गावी खंडोबाची यात्रा भरते आणि देवाच्या दर्शनाबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार या बाजूचे लोक इथून घोडं घेऊन जातात. कुणी लग्नाच्या वरातीसाठी घेतो, कुणी मेंढरांमागे बिऱ्हाड वाहायला घेतो, तर कुणी केवळ दारात घोडं असावं या हौसेपोटी. वरातीसाठी घोडं घेणारा बहुधा पैसे उसने काढूनच घेतो. ते घोडं उभं राहिलं तर लग्नसराईत घरात चार पैसे येतात. ते गेलं तर घोडंही गेलं आणि कर्जही डोक्यावर राहिलं.

हे दिवस नेमके थंडीचे असतात. बालाघाटच्या पठारावर पहाटे अंगात हुडहुडी भरते. घरधन्याला वाटतं, मुक्या जनावराला थंडी वाजत असेल, त्याला दोन मुठी दाणा जास्त घालावा. यात माया आहे, शंका नाही. पण या मायेनंच घोड्याचं पोट बिघडतं. थंडीत घोड्याला काय घालावं, किती घालावं आणि कोणत्या क्रमानं घालावं, याबद्दल आज थोडं बोलू.

आपल्याकडे घोड्याच्या दाण्याला चंदी म्हणतात. ती तोबऱ्यात घालून घोड्याच्या तोंडाला बांधायची. हरभरा ही तिच्यातली मुख्य जिन्नस. कुळीथही घोड्यांना इतका चारला जाई, की इंग्रजांनी त्याचं नावच ‘हॉर्स ग्राम’ ठेवलं. आणि वैरण म्हणजे गवत किंवा ज्वारीचा कडबा. चंदी आणि वैरण यांत मानाचं स्थान आपण चंदीला देतो, कारण ती महाग. घोड्याचं पोट मात्र वैरणीला मान देतं.

देवणी आणि लाल कंधारी जनावरं सांभाळण्यात आपल्याकडची माणसं वाकबगार आहेत. पण बैलाचं शास्त्र घोड्याला लावलं, की तिथंच घोडं पेंड खातं. बैलाला चार कप्प्यांचं पोट असतं. तो खातो, मग निवांत बसून रवंथ करतो. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानानं फार लहान, मोठ्या घोड्याचंही ८ ते १५ लिटरचं. त्यामुळे तो एका वेळी थोडं खातो, पण दिवसभर आणि रात्रीही चरत राहतो. त्याचा चारा पचतो तो शेवटी, मोठ्या आतड्यात आणि त्याच्या सुरुवातीला असलेल्या अंधांत्र नावाच्या पिशवीत. तिथं असंख्य सूक्ष्म जीव चाऱ्याचा तंतू आंबवतात. त्यातून घोड्याला शक्ती मिळते आणि या आंबण्यातून ऊबही तयार होते. घोड्याच्या पोटातली ही शेगडीच म्हणा. तिचं सरपण म्हणजे गवत आणि कडबा.

दाण्याचं तसं नाही. बेतानं घातलेला दाणा लहान आतड्यात पचतो आणि कामाला ताकद देतो. पण एकदम जास्त झाला, तर न पचलेला दाणा तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. तिथं आम्ल वाढतं, वायू धरतो, चारा पचवणारे सूक्ष्म जीव मरतात. मग पोटशूळ उठतो, किंवा खुरांच्या आत दाह होऊन घोडा पायच टेकवेनासा होतो. त्यात आणखी एक अडचण अशी, की घोड्याला ओकता येत नाही. एकदा आत गेलेलं बाहेर काढायची सोय निसर्गानं त्याला दिलेली नाही.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवावी: थंडीसाठी वैरण वाढवावी, दाणा वाढवावा तो कामासाठी. आपल्याकडची थंडी माणसाला बोचते, पण अंगावर हिवाळी केस आलेल्या, खाऊनपिऊन धड असलेल्या घोड्याला ती फारशी जड जात नाही. त्याला हवा तो उघड्या वाऱ्यापासून आडोसा, कोरडी जागा आणि रात्रभर चघळायला कडबा. संध्याकाळी शेवटची वैरण थोडी जास्त टाकली, की पहाटेच्या गारठ्यात पोटातली शेगडी पेटती राहते.

वैरणीचं मोल काय असतं, हे उदगीरकरांना इतिहासानंही दाखवलं आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या परिसरात निजामाचा पराभव केला. सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला मराठ्यांना मिळाला. पुढच्याच महिन्यात भाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले. ऑक्टोबरात त्यांनी कुंजपुरा घेतला, तेव्हा धान्याचा मोठा साठा हाती आला. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट तोडून बसला. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर होत्या. अब्दालीला दुआबातून रसद येत होती. ती तोडण्याची कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. डिसेंबरात ते मारले गेले. मराठ्यांच्या छावणीत दाणा संपत आला आणि त्याहून आधी वैरण संपली. गवत कापायला बाहेर पडलेल्या माणसांवर शत्रूचे स्वार तुटून पडत. उत्तरेची ती कडाक्याची थंडी, आणि दावणीला उपाशी घोडी. १४ जानेवारी १७६१ रोजी, संक्रांतीच्या सुमारास, अखेरची लढाई झाली, तेव्हा माणसं आणि घोडी दोन्ही उपासानं खंगलेली होती.

पानिपतच्या पराभवाची कारणं अनेक आहेत, त्यांवर विद्वानांचे वाद आहेत आणि ते चालत राहतील. पण उदगीरच्या विजयाला वर्षही पुरं झालं नव्हतं, एवढं ध्यानात घेतलं तरी पुरे. फौज तीच होती. इथं आपल्या मुलखात तिच्या घोड्यांसाठी गावोगावी कडबा मिळत होता, तिथं तो नव्हता. हजारो घोडी शेकडो कोस नेता येतात. त्यांची वैरण मात्र बरोबर नेता येत नाही, ती वाटेत मिळावी लागते. घोडा मेला की बारगीर पायउतार व्हायचा; आणि स्वतःचं घोडं घेऊन आलेल्या शिलेदाराचं तर भांडवलच बुडायचं.

हे दुखणं फार आधी ओळखलं होतं ते शिवाजी महाराजांनी. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात त्यांनी चिपळूणकडे छावणीत असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात महाराज बजावतात, की पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि वैरण आत्ताच मन मानेल तशी उधळू नका. पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुमची माणसं रयतेच्या घरात शिरून कुणाचं धान्य, कुणाचं गवत उचलू लागतील. दिव्याची पेटती वात उंदरानं नेली तर गवताची गंजी जळेल, इथपर्यंत त्यांचं लक्ष होतं. घोडा जगवायचा तर रोजचं मापून घालावं आणि पुढचं राखून ठेवावं, हा त्या पत्राचा अर्थ. तो आजही जुना झालेला नाही.

आता आपण आपल्या दारातल्या घोड्याचं माप काढू. दिवसभरात घोड्याला त्याच्या वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडा आहार लागतो. ३०० किलोचं तट्टू धरलं, तर सरासरी ६ किलो. यातली किमान साडेचार किलो वैरण असावी. दाणा कामाप्रमाणे एक ते दीड किलो पुरतो, तोही दोन-तीन वेळांत विभागून. काम नसलेल्या दिवशी दाणा निम्मा करावा. कार्तिक ते माघ असे चार महिने धरले आणि रोज ५ किलो वैरण म्हटली, तर ६ क्विंटल होते. घोडा कडब्याची पानं आवडीनं खातो आणि जाड ताटं बाजूला सारतो. म्हणून ८ क्विंटल तरी जमवून ठेवावी. एवढा कडबा विकत घेण्याची किंवा साठवण्याची ऐपत आहे का, याचा विचार माळेगावला सौदा ठरवण्याआधी करावा.

कारण कडबा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीननं ज्वारीची बरीच जागा घेतली. रब्बीची नवी ज्वारी निघते ती थंडी सरता सरता. तोवर जुन्या गंजीवरच भागवावं लागतं. ती संपली, की लोक सोयाबीनचं भुसकट पुढे टाकतात. ते राठ असतं, घोड्याच्या आतड्यात त्याचा बोळा होऊ शकतो. परतीच्या पावसात भिजलेलं असेल तर त्याला बुरशी असते आणि बुरशीनं खोकला व पोटदुखी दोन्ही येतात. ज्वारीचे कोवळे हिरवे कोंबही घोड्याला चारू नयेत. हरभऱ्याचे ढाळे एखाद-दुसरे ठीक, पेंढीभर नकोत.

हरभरा रात्रभर भिजवून, स्वच्छ धुऊन द्यावा. आधी पाणी, मग वैरण आणि शेवटी दाणा, हा क्रम मोडू नये. नवं घोडं आणल्यावर आधीचा मालक काय घालत होता हे विचारून घ्यावं आणि बदल करायचा तो आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. थंडीत घोडं पाणी कमी पितं आणि कोरड्या कडब्यानं लीद घट्ट होते. पोटशुळाचं हे एक मोठं कारण. त्याला दिवसाला १५ ते २० लिटर पाणी तरी जायला हवं. पहाटेचं गार पाणी न ठेवता विहिरीचं ताजं किंवा कोमट करून द्यावं, आणि रोज २०-२५ ग्रॅम मीठ द्यावं. घोडा दावणीलाच बांधून ठेवू नये. तो का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर आपल्याला शाळेपासून पाठ आहे: न फिरवल्यामुळे.

दोन गोष्टी मात्र कटाक्षानं टाळाव्यात. गुरांसाठी किंवा कोंबड्यांसाठी तयार केलेलं खाद्य घोड्याला घालू नये. त्यातल्या काहींत मोनेन्सिनसारखं औषध असतं. गाईला ते चालतं, पण घोड्याचं हृदय त्यानं निकामी होतं. आणि वरातीत हौसेनं घोड्याला बुंदी, पुऱ्या, भात भरवणाऱ्यांचा हात धरावा. वऱ्हाडी मंडळींना वाईट वाटलं तरी चालेल.

एवढं करूनही घोडा खाणं सोडून कुशीकडे वळून पाहू लागला, पुढच्या पायानं जमीन उकरू लागला, लोळू लागला, घामाघूम झाला, लीद थांबली, तर वेळ दवडू नका. नाकातोंडातून काढे ओतू नका, ते फुप्फुसात जातात. तोंडापुढचं खाणं काढून घ्या आणि पशुवैद्यकाला बोलवा. उदगीरला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. शुळाच्या दुखण्यात प्रत्येक तास मोलाचा असतो.

माळेगावच्या बाजारात घोड्याची चाल पाहतात, दात पाहतात, भोवरे पाहतात. माझं सांगणं इतकंच, की निघण्यापूर्वी घरची गंजीही एकदा पाहावी. गंजी भरलेली असेल, तर चंदीला मूठभर कमी पडलं तरी घोडं थंडी काढतं. गंजी रिकामी असेल, तर तोबरा कितीही भरला तरी त्याचा उपयोग नाही.