जुना गेम, बेताचा वेग
१९९० चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' डॉसबॉक्स या प्रोग्राममध्ये अडखळला, तरी नवा संगणक घ्यायची घाई नको. डॉसबॉक्स जुना प्रोसेसर सॉफ्टवेअरनेच उभा करतो आणि त्याचा वेग 'सायकल्स'च्या आकड्यावर ठरतो. मग आकडा कमालच ठेवावा, असं कुणी म्हणेल. पण साध्या संगणकाला तेवढं पेलत नाही, आवाज तुटतो. काही जुने गेम तर हाताबाहेर पळतात. त्यापेक्षा ३००० पासून सुरुवात करा, कंट्रोल आणि एफ१२ एकत्र दाबून थोडं थोडं वाढवा. आवाज फाटला की कंट्रोल-एफ११ ने एक पायरी खाली या. सायकल्ससाठी 'ऑटो' पुरत नाही का? पुष्कळदा पुरतं. मात्र साध्या, रिअल मोडमधल्या गेमला ते ३००० वरच ठेवतं, आणि त्यातल्या जड गेमना तेवढं कमी पडतं.