फैजपूरचं मैदान आणि एक अंगठा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



'आपली राज्यघटना' हा विषय मला दिला, हे ऐकून मागच्या बाकावरची मंडळी हसली असतील. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय, आणि त्यात मी काठावर पास. पण पुढे ग्रामसेवक झालो आणि जन्मभर त्याच विषयाची भाकरी खाल्ली.

आठवीत सरांनी आपल्याला सायकलींवर फैजपूरला नेलं होतं, आठवतं? आपलं सगळं लक्ष केळीच्या बागांकडे. सर मात्र सांगत होते की डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं. टिळकनगर उभारलं, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून ते सजवलं, अध्यक्ष पंडित नेहरू. धनाजी नाना चौधरींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारा भार उचलला. साने गुरुजी त्यासाठी खान्देशात गावोगाव हिंडले. एवढं आपण परीक्षेत लिहिलं. ज्यासाठी फैजपूर खरं लक्षात ठेवायला हवं, ते मात्र मला फार उशिरा कळलं.

तिथे मागणी झाली ती अशी: इंग्रजांनी दिलेला १९३५ चा कायदा आम्हाला नको, प्रौढ मताधिकारानं निवडलेली घटना समिती आमचं राज्य कसं चालावं ते ठरवील. त्या वेळी प्रांतांच्या निवडणुकीत मत होतं साऱ्या देशात सुमारे तीन कोटी लोकांना. जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या. म्हणजे त्या मंडपात बसलेल्या कितीतरी शेतकऱ्यांना, शेतमजुरांना आणि बायाबापड्यांना मतच नव्हतं. ज्यांना मत नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्यांना मत मागितलं गेलं. प्रत्यक्षात घटना समिती १९४६ साली आली ती प्रौढ मताधिकारानं नव्हे, प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेली. पण १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदार सतरा कोटींवर गेले.

आता दुसरी बाजू. फैजपूरच्या आधी चार वर्षं, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. अठरा रविवार, अठरा अध्याय. माणूस आधी स्वतःवर राज्य करायला शिकला तर बाहेरचं राज्य टिकेल, असा तो विचार. मला तो पटतो, पण नोकरीत पुरला नाही. सज्जन सरपंच निवडून येतो, तसा दुसराही येतो.

बाबासाहेबांना ही अडचण दिसत होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना खेड्याच्या गुणगानावर त्यांनी फार कडक शब्दांत टीका केली. संकुचितपणा आणि जातीयता यांचं ते घर आहे, असा सूर. त्याच महिन्यात सभागृहानं ग्रामपंचायतींचं कलम ४० घटनेत घातलं. गावात नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबरला, त्यांनी बजावलं की माणूस कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते.

मी माझं स्वातंत्र्य कुणा मोठ्या माणसाच्या पायाशी ठेवलं नाही. रजिस्टरात ठेवलं.

ग्रामसभेच्या गणपूर्तीचा नियम असा, की मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल तितकी माणसं हवीत. माणसं येत नाहीत. मग सभा तहकूब करायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. आमच्यात तेवढीही तसदी कुणी घेत नसे. रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करायच्या. एका गावात घरकुलाच्या यादीसाठी मीही तसाच निघालो. एका म्हातारीच्या ओट्यावर शाईचा डबा उघडला. तिनं हात मागे घेतला. "सभा कवय व्हयनी? माले कोनी सांगं नही." मी म्हटलं, आजी, नुसता अंगठा द्या, यादीत तुमचं नाव आहेच. ती म्हणाली, "मना अंगठा मी उसना देत नही."

तिला स्वतःचं घर हवं होतं हो. छपरातून आभाळ दिसत होतं. तरी नाही म्हणाली.

मी रजिस्टर मिटलं. सभा लावली, दवंडी दिली, यादी मोठ्यानं वाचली. दोन नावांवर भांडण झालं, ती खाली गेली. म्हातारीचं नाव राहिलं, पण क्रम मागे गेला आणि घर दोन वर्षं उशिरा झालं. हे मला अजून टोचतं. सरपंच तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत, त्याचं एवढं काही वाटलं नाही.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून कबूल करतो: त्याआधी मी अशा सह्या घेतल्या होत्या. किती, ते मोजलं नाही.

जाता जाता एक सूचना. या मेळाव्याच्या जमाखर्चाचा कागद आपल्या खजिनदारांनी मंडपाच्या दाराशी लावला आहे. भरीत-भाकरीच्या पंगतीला बसण्याआधी तो वाचा. मंडपाच्या भाड्याचा आकडा मला तरी पटलेला नाही, आणि तो मी त्यांना विचारणार आहे.