घोस्ट ऑफ त्सुशिमा: जरा जास्तच कौतुक झालंय का?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेलं आणि दोनदा आलेलं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. पुढे गेमच्या शेवटाबद्दल बोललोय, ज्यांना खेळायचाय त्यांनी आधी खेळून या.)

आज मी पाचोडहून बोलतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, धुळे-सोलापूर हायवेवरचं, पैठण तालुक्यातलं आमचं गाव, मोसंबीच्या मार्केटसाठी ओळखलं जातं. त्यामुळे मागे ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या. वाचणाऱ्यांना तो ऐकू येणार नाही, तेवढाच त्यांचा फायदा.

आजचा विषय एका भांडणातून आलाय. माझा चुलत भाऊ बारावीला आहे. परवा ओसरीवर बसलो होतो, मी त्याला घोस्ट ऑफ त्सुशिमाचं कौतुक सांगत होतो, आणि तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "दादा, लई ओव्हररेटेड गेम आहे तो."

मला राग आला. साधा नाही, दोन दिवस टिकला. मग वाटलं, एका गेमवरून एवढा राग यायचं कारण काय? मी तो बनवलेला नाही. माझं त्यात काय अडकलंय? ते शोधायला हा भाग.

आधी माहिती, म्हणजे सगळे एका पानावर येऊ. गेम सकर पंच प्रॉडक्शन्स नावाच्या अमेरिकन स्टुडिओने बनवला, सोनीने काढला. १७ जुलै २०२० ला पीएस फोरवर आला. पहिल्या तीन दिवसांत २४ लाख प्रती गेल्या. २०२१ मध्ये इकी बेटाची भर घालून डायरेक्टर्स कट आला आणि १६ मे २०२४ ला पीसीवर आला. २०२४ पर्यंत एकूण विक्री १ कोटी ३० लाखांच्या वर. २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये खेळणाऱ्यांच्या मतांचं बक्षीस याला मिळालं, वर्षातला सर्वोत्तम गेम मात्र लास्ट ऑफ अस पार्ट टू ठरला. मेटाक्रिटिकवर समीक्षकांचा आकडा ८३.

८३ लक्षात ठेवा. त्यावर परत येऊ.

गोष्ट १२७४ सालची. मंगोल फौज जपानवर चालून येते, वाटेत त्सुशिमा बेट. जिन साकाई नावाचा सामुराई पहिल्याच लढाईत वाचतो, बाकी जवळपास सगळे मरतात. ही स्वारी खरी आहे. जिन, त्याचा काका शिमुरा आणि खोटुन खान ही माणसं काल्पनिक. खऱ्या इतिहासात सो सुकेकुनी नावाचा सरदार ऐंशीएक स्वार घेऊन कोमोदाच्या किनाऱ्यावर लढला आणि मारला गेला.

आता १२७४ म्हटल्यावर आपल्याकडे काय चाललं होतं? देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करत होता. परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा, तोही आमच्याच पैठण तालुक्यातल्या आपेगावचा. म्हणजे जिन तिकडे गवतात लपून बसलाय आणि पुढच्याच वर्षी इकडे गोदाकाठी ज्ञानोबा जन्माला येतायत. हे कळल्यावर तो काळ मला एकदम ओळखीचा वाटायला लागला.

चला, आता भावाची बाजू मांडतो. प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्याने मला पुरावेच दिले.

पहिला मुद्दा, तेच तेच काम. नकाशावर ४९ ठिकाणी कोल्ह्याच्या मागे पळायचं. १८ गरम पाण्याची कुंडं. बांबू कापायचे. मंगोलांची छावणी सोडवायची, मग पुढची, मग त्याच्या पुढची. पहिला कोल्हा बघून मी हरखलो होतो. तिसाव्या कोल्ह्याला मी म्हणालो, "बाबा रे, तूच जाऊन ये." सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही कॉपी-पेस्ट म्हणतो आणि कोड रिव्ह्यूमध्ये शिव्या खातो.

दुसरा मुद्दा, शत्रू बिनडोक. शेजारचा माणूस बाण लागून पडला तरी थोडं इकडेतिकडे बघून परत जागेवर उभा.

तिसरा, इतिहास. जिन ठिकठिकाणी बसून हायकू रचतो. हायकूला आज आपण ओळखतो ते रूप यायला बाशोचं सतरावं शतक उजाडावं लागलं. उलट दोन ओळींत निसर्ग आणि गावातलं मन पकडणारी कविता त्याच्या हजारेक वर्षं आधी आमच्या पैठणच्या नावावर आहे. सातवाहन राजा हालाच्या नावाने ओळखली जाणारी गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. अर्थात हायकूची चूक मी माफ करतो. गेम आहे, पाठ्यपुस्तक नाही.

चौथा मुद्दा मात्र मोठा आहे. तो भावाने काढला नाही, माझा मलाच खेळताना जाणवला.

गेमचा सगळा डोलारा एका पेचावर उभा आहे. काका म्हणतो, सामुराईने समोरासमोर लढायचं, नाव सांगून लढायचं. जिन म्हणतो, समोर फौज एवढी मोठी, तसं लढलो तर सगळे मरतील, मी रात्री मागून जाईन. काकाच्या लेखी हा कुळाला कलंक. जिन रडतो, झोप उडते, बापाची आठवण येते.

आणि मी इकडे विचार करतोय, यात रडायचं काय? आम्ही चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकावर वाढलेली पोरं. एप्रिल १६६३, लाल महाल, मूठभर माणसं, रात्रीची वेळ, शाहिस्तेखानाची बोटं. त्याला आपण कलंक म्हणत नाही, गनिमी कावा म्हणतो आणि पोवाडे गातो. जिनला जे कळायला पन्नास तास लागतात, ते आपल्याकडे नऊ वर्षांच्या पोराला माहीत असतं.

बरं, खरे सामुराई तरी एवढे तत्त्वाचे होते का? त्याच १२७४ च्या स्वारीत ताकेझाकी सुएनागा नावाचा सामुराई हाकाताकडे लढला. लढाई झाली, बक्षीस मिळेना. तर हा पुढच्या वर्षी थेट कामाकुराला गेला, सरकारदरबारी आपलं काम मांडलं आणि बक्षीस घेऊन आला. पुढे स्वतःच्या पराक्रमाची चित्रांची गुंडाळीच काढून घेतली, ती आजही आहे. म्हणजे अप्रेझल मागायला गेलेला माणूस! मला तर तो जिनपेक्षा जवळचा वाटला. 'बुशिदो' म्हणून जी आदर्श संहिता आपण ऐकतो, तिची घडण बऱ्याच नंतरची.

शिवाय पेच एवढा मोठा असेल तर खेळणाऱ्याच्या हातात काहीतरी पाहिजे ना? मी सगळा गेम समोरासमोर लढून काढला तरी गोष्ट मला 'घोस्ट'च बनवते. खरी निवड एकच, अगदी शेवटी: काकाला मारायचं की सोडायचं.

तर भाऊ, एवढे मुद्दे तुझे. मान्य.

आता माझी बाजू. इथे जरा खासगी बोलावं लागेल.

मी हा गेम खेळलो तेव्हा माझी नोकरी गेली होती. कंपनीचं नाव घेत नाही, गरज नाही. एका सकाळी मीटिंगचं आमंत्रण आलं, पंधरा मिनिटांत लॅपटॉप जमा करायला सांगितलं. पुण्यातली खोली सोडून पाचोडला आलो. घरी सांगितलं, वर्क फ्रॉम होम आहे. आठ दिवस खोलीचं दार लावून बसायचो. सेलमध्ये गेम घेतला, चोवीसशेच्या आसपास. नोकरी नसताना. ७५ जीबी डाउनलोड व्हायला दोन रात्री गेल्या, मध्ये लाईट गेली ती वेगळी. जीटीएक्स १६५० वाला माझा जुना लॅपटॉप जात्यासारखा आवाज करायचा.

या गेममध्ये कोपऱ्यात नकाशा नाही. एक बटण दाबलं की वारं सुटतं आणि जायचंय तिकडे गवत झुकतं. बस. बाण नाही, रेघ नाही. ते गवत कसं बनवलं यावर २०२१ च्या जीडीसीमध्ये त्यांच्या इंजिनिअरचं अख्खं भाषण आहे. प्रत्येक पातं म्हणजे एक बेझिए वक्र, ग्राफिक्स कार्डवरच तयार होतं आणि वाऱ्याप्रमाणे वाकतं. ते भाषण मी दोनदा पाहिलं. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं की हे काम, म्हणजे कोड लिहिणं, मला अजून आवडतं.

नवव्या दिवशी अण्णा खोलीत आले. स्क्रीन बंद करायला वेळ मिळाला नाही. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे वारं त्याला वाट दाखवू राहिलं का?"

मी म्हणालो, "हो."

थोड्या वेळाने म्हणाले, "एवढी लढाई चालू आहे, यांच्या पिकाचं काय झालं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गेममध्ये शेतकरी आहेत, पण बहुतेक वेळा ते वाचवले जायला असतात. एकही समीक्षक हा प्रश्न विचारत नाही. मोसंबीची बाग असलेला माणूस दहा मिनिटांत विचारतो.

उठताना दारात थांबून म्हणाले, "काम गेलं ना? मला कळलं होतं. जेवायला ये."

तर माझा राग तिथून येतो. तो गेम मला त्या खोलीसकट आठवतो. भावाने गेमला ओव्हररेटेड म्हटलं आणि मला वाटलं त्याने त्या दिवसांना म्हटलं. चूक त्याची नाही. हा घोटाळा आपण सगळेच करतो: गरजेच्या वेळी जे मिळालं त्याला आपण सर्वोत्तम म्हणतो.

पण सगळंच तसं नाही. युरिकोची उपकथा घ्या. साकाईंच्या घरची म्हातारी सेविका, जिनला विष बनवायला शिकवते. शिकवता शिकवता तिची आठवण घसरते, जिनलाच त्याचा बाप समजून बोलायला लागते. जिन एकदा दुरुस्त करतो, मग दुरुस्त करणं सोडून देतो. माझी आजी शेवटच्या वर्षी मला अण्णांच्या नावाने हाक मारायची. मीही आधी सांगायचो, "आजी, मी नातू." नंतर नुसतं "हो" म्हणायचो. ही कथा ना ४९ कोल्ह्यांत येते ना त्या मानापमानाच्या भाषणांत. तिचं कौतुक जितकं व्हायला हवं तितकं होतच नाही.

म्हणून माझं मत असं. ८३ हा आकडा बरोबर आहे. चांगला गेम, थोर नाही. जास्त कौतुक झालं ते त्याच्या ओपन वर्ल्डचं आणि त्या नैतिक पेचाचं. कमी झालं ते वाऱ्याचं आणि युरिकोचं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्यावर आहे. असा गेम आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं: "मराठ्यांवर असा गेम कधी येणार?" मीही म्हणालोय. सह्याद्री, घोडा, पावसातलं गवत, देवगिरीची अंधारी, डोळ्यासमोर सगळं येतं.

पण त्याच २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने राजी नावाचा गेम काढला. भाऊ हरवलेली मुलगी, दुर्गेचा आशीर्वाद, असुरांशी लढाई. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे मागितले होते, उद्दिष्ट गाठलं नाही. तरी पूर्ण केला. गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं, म्हणजे त्सुशिमाच्याच मांडवात बसला. चार-पाच तासांत संपतो, लढाई कुठेकुठे अडखळते. पण आहे.

मी पुण्यात नोकरीला असताना, पगार चालू असताना, तो विकत घेतला का? नाही. "सेल लागला की बघू" म्हणालो. बेरोजगार असताना जपानच्या गवतासाठी चोवीसशे दिले.

त्सुशिमा बेटावर २०२० च्या वादळात एका देवळाची तोरी कमान पडली. दुरुस्तीसाठी लोकवर्गणी सुरू झाली आणि गेम खेळणाऱ्यांनी जगभरातून पैसे पाठवले, मागितले त्याच्या पाचपटीहून जास्त. कौतुक खरं असलं की ते पैशाच्या रूपात कुठेतरी पोचतं. आपलं कौतुक कॉमेंटपर्यंतच पोचतं, ही माझी स्वतःबद्दलची तक्रार आहे.

मला नवी नोकरी लागली, यावेळी खरंच घरून. पहिल्या पगारात राजी घेतला. भावाला लावून दिला. दोन तास खेळून म्हणाला, "दादा, हा अंडररेटेड आहे."

दोन तासांत कळलं म्हणे! त्याच्याशी पुढचं भांडण तयार आहे. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, अण्णांच्या पिकाच्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे असेल तर तेही लिहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.